तिचे तीन, माझा एक

थंड खोलीत नेटवर्क येत नाही. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत, दुसऱ्या मजल्यावर, आमच्या छोट्याशा प्रयोगशाळेच्या टोकाला ही खोली आहे. बाहेर घामाच्या धारा लागलेल्या असल्या तरी आत फ्रिजइतका गारवा, आणि भिंती पत्र्याच्या, जाडजूड. आत गेलं की फोन नुसता वेळ बघण्यापुरता. त्या दुपारी मी आत होते. काचेच्या उभ्या नळीतून थेंब थेंब उतरणारं प्रोटीन गोळा करत होते आणि डोक्यात एकच गोष्ट होती, की संध्याकाळपर्यंत सुजाताला फोन करायचा आणि पैजेचा निकाल सांगायचा. बर्फाच्या डब्यात नळ्या खोचून बाहेर आले, तर सगळी माणसं उभी. कोणी कामाला हात लावलेला नव्हता. रिसेप्शनवरची मुलगी रडत होती. आमच्यात वयाने सगळ्यात लहान असलेला प्रसाद पुढे आला आणि म्हणाला, "माधवीताई, तुमचा फोन लागत नव्हता." सुजाता गेली होती. बोरिवलीला, राहत्या घरी, मी आत थेंब मोजत असताना... माणसाला अशा वेळी आधी काय वाटतं ते खरं सांगायचं तर मला आधी दुःख झालं नाही. ते नंतर आलं, आणि बरंच आलं. आधी वाटलं, ह्या सगळ्यांना माझ्या आधी कळलं. रिसेप्शनवरच्या मुलीलासुद्धा.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं अशी आपल्याकडे रीत आहे. सुजाता राणेबद्दल चांगलं बोलायला लोकांची कमी नाही, त्यामुळे ते काम मी त्यांच्यावर सोडते. मी तिचा हेवा केला. नोकरीच्या पहिल्या दिवसापासून केला, कारण आम्ही एकाच दिवशी लागलो आणि दुपारच्या डब्याला बसलो तेव्हा सगळ्यांना तिचं नाव पाठ झालं होतं, माझं कोणालाच नाही. मी मुलुंडची. वडील बँकेत, आई शाळेत, घरात बोलण्यापेक्षा सुनावणं जास्त. ती बोरिवलीची. वडील आधी गिरणीत, गिरणी बंद पडल्यावर एका इमारतीत लिफ्टमन. आई कुडाळकडची, इतकी वर्षं मुंबईत काढूनही बोलणं गावचंच. शिकलो दोघी सारखंच. गुण तर मला थोडे जास्तच होते, आणि ही गोष्ट मी तिला वेगवेगळ्या निमित्तांनी सांगितलेली आहे. ती म्हणायची, "हो गं, तू हुशारच आहेस," आणि ते तिला खरंच वाटायचं. एखादी तिरकस असती तर दोन हात तरी करता आले असते.

आमचं काम काय, हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही, म्हणून थोडक्यात सांगते. प्रत्येक पेशीभोवती तेलकट पदार्थाची एक पातळ भिंत असते. त्या भिंतीत प्रोटीन रुतून बसलेली असतात, कुणी दार, कुणी पंप. औषध बनवणाऱ्या कंपन्यांना ह्या प्रोटीनची माहिती हवी असते, आणि पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो, की हे एकटं काम करतं, जोडीने करतं की तिघं-चौघं मिळून? प्रश्न सोपा आहे, उत्तर नाही. कारण भिंतीतून बाहेर काढल्याशिवाय मोजता येत नाही आणि नुसतं पाण्यात आणलं की ते गोळा होऊन मरतं. म्हणून त्याला साबणात काढायचं. हा साबण भांड्यांचा नव्हे. चिमूटभर पावडर येते आणि प्रयोगशाळा चालवणारे आमचे सर ती सोन्यासारखी कुलपात ठेवतात. साबण प्रोटीनच्या कमरेभोवती गुंडाळून बसतो, त्यामुळे ते पाण्यात तगतं, पण आता ते दिसतं जाडजूड. स्वेटर घातलेल्या माणसाच्या आकारावरून त्याचं वजन सांगायचं, तसा प्रकार. एकटाच असेल, पण स्वेटर इतका जाड की दोघं वाटावेत. मग दोन-तीन यंत्रं लावून स्वेटर वजा करावा लागतो. आणि साबण जर कडक असला, तर एकमेकांचा हात धरून बसलेली प्रोटीन तो सोडवून टाकतो, ती वेगळीच भानगड. मी आणि सुजाताने आयुष्य ह्या मोजण्यात घालवलं. आई शेजाऱ्यांना सांगायची, "माझी मुलगी साबणाच्या कंपनीत आहे."

ह्या कामात कंटाळा फार. यंत्राचा निकाल येईपर्यंत नुसतं बसायचं. त्यावर आमच्याकडे एक पद्धत पडली होती. निकाल येण्याआधी दोघांनी पैज लावायची, किती? एक, दोन, तीन, जो काय असेल तो आकडा मोठ्याने बोलायचा. हरेल त्याने गेटसमोरच्या गाडीवरून सगळ्यांना बटाटेवडे आणायचे. नियम एकच, एका आकड्यावर दोघांनी बसायचं नाही. आधी बोलेल त्याचा आकडा, दुसऱ्याने दुसरा घ्यायचा. सर, प्रसाद, मी, आधी होते ते, नंतर आले ते, सगळे ह्यात. सुजाता नाही. वडे मात्र आवडीने खायची, हिरवी मिरची आधी संपवायची. मी एकदा चिडून विचारलं, "तू का नाही लावत गं? हरायची भीती वाटते?" तर म्हणाली, "एकदा आकडा तोंडातून गेला ना, की त्याच्यावर जीव बसतो यार. मग मोजताना हात तिकडेच जातो." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला मात्र वाटलं, वा, म्हणजे आम्ही सगळे हात तिकडे नेणारे.

आमचं खरं वाजलं ते एका पंपावरून. जंतूंच्या भिंतीत बसतो आणि आत आलेलं औषध उचलून बाहेर फेकतो, असा हा पंप. मी मोजला तर तो एकटा. तिने मोजला तर तिघं एकत्र. एकच प्रोटीन, एकच खोली, एकच यंत्र, आणि माझ्या हातून निघताना सुटं, तिच्या हातून निघताना त्रिकूट. मी कडक साबण वापरायचे कारण काम झटपट होतं. ती सौम्य साबण घ्यायची, आणि तो मिसळताना नळी हातात धरून अशी हळूहळू फिरवायची की फेसाचा एक बुडबुडा येऊ नये. फेस आला की प्रोटीन खराब होतं हे मलाही माहीत होतं. पण एक नळी फिरवत बाई अर्धी दुपार उभी राहू शकते हे माहीत नव्हतं. माझ्याकडे बघून एकदा म्हणाली, "माधवी, तू त्यांना धुतेस गं. न्हाऊ घालायचं असतं." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिच्याच पद्धतीने, तिचाच साबण घेऊन करून बघितलं, तेव्हा काही त्रिकुटं आली, बरेचसे सुटे आले, आणि आलेखावर एक डोंगर आणि शेजारी टेकडी, असं काहीतरी अर्धवट उमटलं.

पण मी काही अशी सहज ऐकणारी नाही. माझं म्हणणं वेगळं होतं आणि ते चुकीचं नव्हतं. मी तिला म्हटलं, "तू साबण वाचवतेस. साबण कमी पडला की तीन प्रोटीन नाइलाजाने एका गुंडाळीत बसतात. मरोळ नाक्यावर संध्याकाळी रिक्षा कमी पडल्या की तीन अनोळखी माणसं एका रिक्षात बसतात ना? त्यांना काय तू एक कुटुंब म्हणणार?" सर हसले. सुजाताही हसली, आणि म्हणाली, "बरोबर आहे की. मग रिक्षा वाढवून बघायला पाहिजे. भरपूर रिक्षा असूनही तिघं एकत्रच बसली, तर कुटुंब." म्हणजे सौम्य साबण भरपूर घालून पुन्हा मोजायचं. सरळ प्रयोग होता. पण सौम्य साबण भरपूर म्हणजे खर्च भरपूर, गिऱ्हाइकाचं काम तेवढ्यात दुसरीकडे वळलं, आणि सरांनी कुलूप काही उघडलं नाही. त्यामुळे वर्षानुवर्षं ते तसंच राहिलं, तिचे तीन आणि माझा एक. चहाच्या वेळी नवीन कोणी आलं की त्याला हा किस्सा सांगितला जायचा, आणि ऐकणारा प्रत्येक जण किस्सा संपायच्या आत तिच्या बाजूला गेलेला असायचा. मी ते चेहऱ्यावरून ओळखायचे.

माणसं तिच्याभोवती कशी जमतात ह्याचा हिशेब मला शेवटपर्यंत लागला नाही. माझ्याच घरचं उदाहरण सांगते. एका संक्रांतीला मी तिला हळदीकुंकवाला मुलुंडला नेलं. बोलता बोलता तिने आईला थंड खोलीचं सांगितलं, तासन्‌तास आत उभं राहावं लागतं वगैरे. आईने लगेच तिचा हात हातात घेतला. "अगं बाई, मग तुला सर्दी नाही होत?" मीही त्याच खोलीत तेवढीच वर्षं उभी होते. मला कधी कोणी विचारलं नव्हतं. मी घरात कधी सांगितलं नव्हतं हेही खरं, पण आईने विचारायला काय हरकत होती? महिन्याभरात आईने मोरपंखी लोकरीचा स्वेटर विणला. माप घेतलं नव्हतं, नुसतं डोळ्यांनी बघितलं होतं, तरी सुजाताला तो अंगावर ओतल्यासारखा बसला. मी आईला म्हटलं, "आणि मला?" आई म्हणाली, "तुझं ते विकतचं जाकीट आहे ना, छान दिसतं तुला." मुंबईत स्वेटर घालणारी माणसं आम्हीच काय ती. त्या दिवसापासून थंड खोलीच्या दाराबाहेरच्या खिळ्यावर तो मोरपंखी स्वेटर लटकत असायचा, आणि आत जाताना दर वेळी माझ्या डोळ्यांसमोर यायचा. सुजाता नेहमी सांगायची, "घाल ना गं, तुझ्याच आईचा आहे." मी कधी घातला नाही.

तिचा आजार वर्षभर चालला. आजारपणसुद्धा तिने असं काढलं की मला पोटात दुखावं. मला ताप आला तर माझ्याकडे औषधवाला सोडून कोणी येत नाही. तिच्याकडे रीघ. शेजारणी, जुन्या मैत्रिणी, प्रसाद आणि त्याची बायको, आणि मुलुंडहून गुडघेदुखी घेऊन माझी आई. सगळे रडवेले जायचे आणि हसत बाहेर यायचे. मी शनिवारी जायचे. शेवटचं गेले तेव्हा तिची आई दारातच म्हणाली, "इलंस गो बाय? बस. सकाळपासून तुझीच वाट बघता हा ती." मला बरं वाटलं, पण दुसऱ्या क्षणी वाटलं, प्रत्येकालाच असं सांगत असतील. सुजाता खिडकीपाशी उशांना टेकून बसली होती. फार बारीक झाली होती. मी काय बोलावं ते न सुचून कामाचंच बोलले, की त्या पंपाला नवीन गिऱ्हाईक मिळालंय, सरांनी कुलूप उघडलंय, सौम्य साबण हवा तेवढा घे म्हणालेत, आणि पुढच्या आठवड्यात मी मोजणार आहे. तिचे डोळे चमकले. म्हणाली, "झकास! रिक्षाच रिक्षा मग. पैज लाव."

"कोणाशी?"

"माझ्याशी."

मला वाटलं गंमत करतेय. तर म्हणाली, "माझा आकडा... एक."

मी म्हटलं, "एक माझा आहे. तू तीनवाली ना?"

"नियम काय आहे? आधी बोलेल त्याचा. मी आधी बोलले. तू तीन घे."

"तीन तुझे आहेत गं!"

"मग घे ना. इतकी वर्षं मी वापरले, आता तू वापरून बघ." आणि डोळे मिटून हसली. तिची आई चहा घेऊन आली. मी तीनवर पैज लावली आणि चहा पिऊन निघाले. बोरिवली ते मुलुंड बसमध्ये माझा जीव नुसता जळत होता. बाई कधी पैज लावत नाही, आणि लावते तेव्हा माझाच आकडा पळवते. जाता जाता तोसुद्धा मला ठेवायचा नव्हता तिला? पुढच्या आठवड्यात मी त्याच रागाने थंड खोलीत शिरले. त्या दुपारचं सुरुवातीला सांगितलंच. बर्फाचा डबा मी टेबलावर ठेवला, खाली उतरले, दिसेल ती रिक्षा धरली आणि बोरिवलीला गेले. नळ्या कोणी उचलल्या नाहीत, बर्फ वितळला, सगळं वाया गेलं.

नंतर ऑफिसात शोकसभा झाली. एकेक जण उठून बोलला. प्रसाद म्हणाला, सुजाताताई मला मोठ्या बहिणीसारखी. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, मी त्यांना सगळं सांगायचे. सर म्हणाले, ती माझा उजवा हात होती. मी बसून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, अरे, काय चाललंय? प्रत्येकाचीच ती सगळ्यात जवळची कशी? मग मी तिची कोण? मी उठून बोलले नाही. घरी आले तर आई लोकरीचा उरलेला गुंडा मांडीत घेऊन बसली होती, डोळे सुजलेले. "माझी सुजा गेली गं," म्हणाली. मी आईला जवळ घेतलं. घेतलं, पण मनात आलंच की माझ्यासाठी ही एवढी रडली असती का? आता कोणी काहीही म्हणो, आलं ते आलं.

काम थांबत नाही. गिऱ्हाइकाला उत्तर हवं होतं. मी पुन्हा सुरुवात केली. त्या दिवशी जाकीट घरी विसरले होते, निदान मी प्रसादला तसं सांगितलं. खिळ्यावरचा स्वेटर काढला आणि घातला. मला तो खांद्यात घट्ट होतो आणि बाह्या बोटांवर येतात. आईचा अंदाज अगदी बरोबर होता, फक्त तो माझ्यासाठी नव्हता. बाह्या दुमडल्या, सौम्य साबण घातला, भरपूर, आणि नळी हातात घेऊन फिरवत उभी राहिले. बुडबुडा येऊ दिला नाही. हात भरून आले, पाय भरून आले, तरी घाई केली नाही, कारण ह्या खेपेला तीन आले तरच मी जिंकणार होते! आयुष्यात पहिल्यांदा मी देवाला मनापासून म्हटलं, तीन येऊ देत. मग नळीतून ते उतरलं, मी ते बाहेर आणलं, वजनाच्या यंत्राला लावलं आणि खुर्ची ओढून बसले. आलेखावर एकच डोंगर उठला, सरळ, स्वच्छ, शेजारी टेकडी नाही. यंत्राने साबण वजा केला. तीन. इतका साबण असूनही तिघं हात धरून बसलेली, आणि माझ्या हातातून निघालेली.

मी जिंकले होते. खुर्चीवरच बसून राहिले. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. आज एक आला असता, तर इतकी वर्षं मी म्हणत होते ते खरं ठरलं असतं. तीन आले, तर मी पैज जिंकले. काहीही आलं असतं तरी मी हरणार नव्हते. खिडकीपाशी उशांना टेकून, बोलायचं त्राण नसताना, तिने ते असं मांडून ठेवलं होतं... आणि मी बसमध्ये दात-ओठ खात होते. डोळ्यांना धार लागली. आणि तरी सांगते, त्यातसुद्धा हेवा होताच, कारण हे मला तिच्यासाठी कधी सुचलं नसतं.

स्वेटर काढून खिळ्यावर लावला. खाली उतरले, गेटसमोरच्या गाडीवरून सगळ्यांसाठी गरम वडे बांधून घेतले, मिरच्या जास्त सांगितल्या, आणि वर आले. पुड्याचा वास आल्यावर सगळे जमले. प्रसादने विचारलं, "काय ताई, हरलात वाटतं?"

"मी नाही. सुजाता हरली."

मग प्रसाद जपून म्हणाला, "पण त्या तर कधी पैजच लावायच्या नाहीत... कोणाशीच नाही."

"माझ्याशी लावली," मी म्हटलं.

पुड्यात एक वडा उरला. तिला धरून मोजायच्या सवयीने मी तो जास्तीचा घेतला होता. प्रसादने हात पुढे केला. मी पुडा माझ्याकडे ओढला, आधी हिरवी मिरची संपवली आणि मग वडाही मीच खाल्ला.